हेलिकॉप्टर रुग्णवाहिका (इंदूर परिसर)

गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने मोठ्या रुग्णालयाकडे हलवण्याची सेवा. बोलण्यात सगळीच 'एअर अ‍ॅम्ब्युलन्स' असते. पण विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरला मोकळे सपाट मैदान पुरते. काही देशांत ते थेट अपघाताच्या जागी उतरते. इंदूरकडे मात्र त्याचा उपयोग मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणाहून 'रेफर' झालेल्या रुग्णासाठी आहे.

हेलिकॉप्टरने जखमींना सोडवण्याची पहिली युद्धकालीन मोहीम एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात झाली. सिकोर्स्की आर-४ हे यंत्र त्या उकाड्यात एका वेळी एकच माणूस उचलू शकत होते. कोरियाच्या युद्धात जखमींचे स्ट्रेचर बाहेरच्या बाजूला बांधून नेत. म्युनिकमध्ये १९७० साली नागरी सेवा सुरू झाली.

मध्य प्रदेशात २०२४ पासून 'पीएम श्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स सेवा' आहे. तिच्यात हेलिकॉप्टर आणि विमान दोन्ही असून आयुष्मान कार्डधारकांना ती मोफत मिळते. संभागाच्या (म्हणजे काही जिल्ह्यांच्या महसुली विभागाच्या) आत न्यायचे असल्यास सीएमएचओंच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांच्या, शिफारशीवर कलेक्टर मंजुरी देतात. बडवानी या जिल्ह्याच्या ठिकाणाहून इंदूर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. घाट आणि ट्रकांची रांग धरली तर तीन तास सहज जातात. हवेतून हेच अंतर अर्ध्या-पाऊण तासाचे. पण यंत्र बडवानीत उभे नसते. कागद फिरणे, हेलिकॉप्टर येणे, रुग्णाला प्रवासासाठी तयार करणे हे सारे धरूनच वेळ मोजायला हवा. उड्डाणाचा वेग सांगून फारसे काही कळत नाही.

तयारी जमिनीवरच उरकतात. हवेत असताना श्वासाची नळी घालायला जागा नसते, आणि पंख्याच्या आवाजात स्टेथोस्कोप कानाला लावून उपयोग नाही; मॉनिटरच्या पडद्यावर नजर ठेवावी लागते. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. नर्मदाकाठचे निमाड माळव्याच्या पठारापेक्षा साडेतीनशेएक मीटर खाली आहे, म्हणजे इंदूरकडे येताना चढण आहेच. छातीच्या पोकळीत हवा अडकली असेल तर ती चढणीत फुगते, म्हणून निघण्यापूर्वीच नळी टाकून तिला वाट करून देतात. कमी उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरात हा धोका विमानापेक्षा सौम्य असतो, एवढेच.

ब्रह्मदेशातली उकाड्याची अडचण निमाडातल्या खरगोनच्या मे महिन्यातही सुटलेली नाही. तापलेली हवा विरळ होते आणि यंत्राची उचल घटते. मग इंधन कमी भरायचे की सोबतच्या नातेवाइकाला खालीच ठेवायचे, हे पायलट ठरवतो. पावसाळ्यात विंध्याच्या घाटावर ढग बसले की उड्डाण थांबते. दिव्यांची सोय नसलेल्या हेलिपॅडवर रात्री उतरता येत नाही, आणि अपघात काही उजेड पाहून होत नाहीत.

विमानतळावर उतरल्यावर एमवाय (इंदूरचे मोठे सरकारी रुग्णालय) किंवा दुसऱ्या रुग्णालयापर्यंतचा पल्ला पुन्हा रस्त्याचाच. तिथे ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे पोलिसांनी रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवलेला रस्ता, कामी येतो. अवयवदानाच्या निमित्ताने इंदूरच्या वाहतूक पोलिसांचा हात त्यावर चांगलाच बसला आहे.