एडिनबरातील परिषदेसाठी व्हिसा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

स्कॉटलंडचा वेगळा व्हिसा नसतो. एडिनबराला जायचे तरी व्हिसा संपूर्ण ब्रिटनचाच, आणि परिषदेसाठी तो ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ प्रकारातला. युरोपातल्या अनेक देशांसाठीचा सामाईक शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. ‘ईटीए’ नावाची झटपट ऑनलाइन परवानगीही भारतीय पासपोर्टला लागू नाही. खिशात अमेरिकेचे ग्रीन कार्ड असले तरी व्हिसाच लागतो. अमेरिकन नागरिकत्व घेतलेला भाऊ किंवा मैत्रीण ‘मी मोबाइलवरून पाच मिनिटांत काढली’ म्हणेल, पण ती सोय त्यांच्या पासपोर्टची आहे.

या व्हिसावर परिषदेला बसता येते, पोस्टर लावता येते, निबंध वाचता येतो. एखाद-दुसरे व्याख्यानही चालते, मात्र तो कार्यक्रम आयोजकाच्या नफ्यासाठी भरवलेला नसावा. राहण्या-जेवण्याचा व प्रवासाचा वाजवी खर्च आयोजकाने दिला तर हरकत नाही. भाषणाचे मानधन घ्यायचे असेल तर नियम कडक होतात: वय 18 पूर्ण हवे, निमंत्रण प्रवासाआधीच ठरलेले आणि तुमच्या व्यवसायाशी जुळणारे हवे, अर्जात त्याचा उल्लेख हवा आणि भाषण ब्रिटनमध्ये उतरल्यापासून 30 दिवसांच्या आत व्हायला हवे. प्रदर्शनात स्टॉल मांडून उत्पादनाची माहिती देता येते, थेट विक्री करता येत नाही. हॉटेलच्या खोलीतून आपल्या भारतातल्या ऑफिसचे मेल पाहणे चालते. तेच येण्याचे मुख्य कारण नसावे, एवढेच.

अर्ज gov.uk या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, तोही प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त 3 महिने. भेटीचा हेतू विचारतात तिथे प्राध्यापक मंडळी हमखास ‘अकॅडमिक’ पर्यायाकडे वळतात. तो संशोधनासाठी किंवा अभ्यासरजेवर येणाऱ्यांचा. परिषद ‘बिझनेस’ भेटीत धरली जाते. सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क एप्रिल 2025 मध्ये 115 वरून 127 पौंड झाले. हे दर अधूनमधून वाढतात, म्हणून पैसे भरताना पडद्यावर दिसेल तोच आकडा खरा. दोन, पाच, दहा वर्षांचे व्हिसाही मिळतात, पण प्रत्येक मुक्काम सहा महिन्यांच्या आतच ठेवावा लागतो आणि शुल्क बरेच जास्त असते. एका परिषदेसाठी सहा महिन्यांचा पुरे. क्षयरोगाची तपासणी आणि आरोग्य अधिभार या मुदतीच्या व्हिसाला लागत नाहीत. एजंटने यादीत घातले असेल तर कारण विचारा.

पैसे भरल्यावर व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्यायची. केंद्रे मुंबई-पुण्यात आहेत. कागदपत्रे अपॉइंटमेंटच्या आधी स्वतः स्कॅन करून अपलोड करावीत. केंद्रावर करून घेतली तर वेगळे पैसे पडतात. तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, मुलाखत सहसा होत नाही. निकाल साधारणपणे 15 कामकाजाच्या दिवसांत येतो, आणि हे दिवस ठसे दिल्यापासून मोजायचे, पैसे भरल्यापासून नव्हे. या फरकात अनेकांचा आठवडा-दोन आठवडे जातो. पाच कामकाजी दिवसांत निकाल देणारी ‘प्रायॉरिटी’ सेवा आहे, तिला वर 500 पौंड मोजावे लागतात.

निर्णय घेणारा अधिकारी तुम्हाला पाहत नाही, फक्त कागद पाहतो. तेव्हा कागदांनी एकमेकांना दुजोरा द्यायला हवा. आयोजकांच्या निमंत्रणपत्रात पासपोर्टवर आहे तसेच नाव, परिषदेचे ठिकाण व तारखा, तुमची भूमिका आणि कोणता खर्च कोण करणार हे असावे. तुमच्या ऑफिसच्या पत्रात पद, पगार, रजेच्या तारखा आणि परत रुजू होण्याचा दिवस. निमंत्रणात ‘खर्च प्रतिनिधीने करायचा’ आणि कॉलेजच्या पत्रात ‘संस्था खर्च उचलेल’ अशी विसंगती असली की अर्ज अडकतो. सोबत सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पगारपत्रके, आयकर विवरणपत्र. खात्यात किती शिल्लक हवी याचा आकडा नियमात नाही. सहलीचा खर्च तुमच्या मिळकतीला पेलणारा दिसला पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांनी टाकलेले पाच लाख मदत करत नाहीत, उलट संशय वाढवतात. खरेच घरून मदत असेल तर देणाऱ्याचे पत्र आणि त्याचे स्टेटमेंट जोडा.

आता खास आपल्याकडची चूक. सरकारी किंवा अनुदानित संस्थेतल्या माणसाची रजा मंजुरी, ना हरकत प्रमाणपत्र, सेवेचा दाखला, गावच्या जमिनीचा सातबारा हे सगळे मराठीत असते आणि तसेच अपलोड होते. इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर लागते. त्यावर ते मूळ मजकुराशी तंतोतंत असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्क हवा. नोटरीचा शिक्का या गोष्टींची जागा घेत नाही. शक्य असेल तर संस्थेकडून मूळ पत्रच इंग्रजीत मागा. सातबारा जोडलाच पाहिजे असे नाही. परत येण्याचे कारण नोकरीतून स्पष्ट दिसत असेल तर तो वगळला तरी चालतो.

नकार आला तर साधारणपणे अपिलाचा हक्क नसतो आणि शुल्क परत मिळत नाही. पत्रातली कारणे वाचा, ती दूर करा आणि नवा अर्ज भरा. मागचा नकार लपवू नका: खोटी माहिती किंवा बनावट कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. परिषदेची नोंदणी रद्द करून पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख आधीच पाहून ठेवा, विमान तिकीट निकालानंतर काढा.

व्हिसा मिळाल्याच्या मेलमध्ये ई-व्हिसाचा, म्हणजे ऑनलाइन नोंदीच्या स्वरूपातल्या व्हिसाचा, उल्लेख असेल तर त्याच्या ऑनलाइन खात्यात चालू पासपोर्टचाच क्रमांक आहे ना ते तपासा. लंडनमार्गे गेलात तर इमिग्रेशन लंडनलाच होते, म्हणून पुढच्या विमानाला भरपूर वेळ ठेवा. दुबई किंवा दोहामार्गे ते एडिनबरात होते. निमंत्रणपत्र हातातल्या बॅगेत हवे.

एडिनबरा विमानतळावरून ट्राम शहरात जाते. तिकीट चढण्याआधी काढायचे. मॉरिसन स्ट्रीटवरच्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रासाठी हेमार्केटला उतरा, तिथून पायी साधारण दहा मिनिटे. ऑगस्टमध्ये 1947 पासूनचे महोत्सव भरतात आणि खोल्या दुर्मीळ व महाग होतात. मुक्काम 24 जुलै 2026 किंवा त्यानंतरचा असेल तर खोलीच्या दरावर 5 टक्के पर्यटक कर धरा. सलग मुक्कामात तो पहिल्या पाच रात्रींपुरताच. आपला गोल पिनांचा प्लग तिथल्या चौकोनी भोकांत बसत नाही, अडॅप्टर घरूनच न्या. पासपोर्ट हरवला तर रटलंड स्क्वेअरमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे, परिषद केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर.