विस्तवाशेजारचा दगड

"मावशी, एकच लादी घेतली तर दोन्हीकडे पुरेल ना?" माझ्या ओट्यावर दगडांचे तीन तुकडे मांडत भाचीने विचारलं. मुलुंडच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर ती नव्याने करून घेते आहे, आणि लोणावळ्याच्या छोट्या घरात तिला फायरप्लेस हवी आहे. एक तुकडा पांढऱ्या संगमरवराचा, दुसरा काळ्या ग्रॅनाइटचा, तिसरा 'क्वार्ट्झ' म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडाचा. लादी अख्खी घ्यावी लागते, उरलेला भाग पडून राहतो. पैशांच्या हिशोबाने तिचं म्हणणं रास्तच होतं. पण मी वर्षानुवर्षं भूविज्ञान शिकवलं आहे. दगड हातात आला की रंगाच्या आधी तो कसा तयार झाला असेल तेच मनात येतं, आणि विस्तवाशेजारी तो कसा वागेल हेही बहुतेक त्यावरच ठरतं.

मुंबईत फायरप्लेस कोणी बांधत नाही. सांताक्रूझला नोंदलं गेलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही २२ जानेवारी १९६२ला. पण विस्तव तर घरोघरी रोज पेटतो, आणि त्याच्या भोवती दगडच असतो. तेव्हा आधी ओट्याचं पाहू.

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत ओटा कडप्प्याचा होता. मोरीजवळच्या कोपऱ्यात आई पितळेची भांडी चिंचेने घासायची आणि कोकमाच्या आगळाची बरणीही तिथेच असायची. तेवढा कोपरा कायम पांढुरका, निस्तेज. आई तो डाग समजून आणखी घासायची, कधीकधी लिंबाच्या सालीने. त्या घासण्यानेच तो कोपरा वाढत होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा भागातला चुनखडक. ५० कोटी वर्षांहूनही जुन्या समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तो घडला. म्हणूनच त्याच्या सरळ फरश्या निघतात. आपली शहाबादी आणि कोटा फरशी त्याच कुळातली. चुनखडकात मुख्य घटक कॅल्शिअम कार्बोनेट, आणि त्याचं आंबटाशी जमत नाही. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर यांतलं आम्ल त्याला विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे निघतात. डाग म्हणजे वरून काहीतरी येऊन बसलेलं असतं. इथे उलट दगडाचा पातळ थर निघून गेलेला असतो. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेला परतवतो म्हणून चकाकतो आणि काळा दिसतो. खडबडीत झाला की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि तोच दगड पांढुरका दिसू लागतो. ही जागा घासून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं.

संगमरवर हा त्याच चुनखडकाचा पुढचा जन्म. जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिक नव्याने जुळून तो घडतो. देखणा आहे, पण त्याला आंबटाचा त्रास तसाच होतो. रोज सोलकढी आणि आमटी होणाऱ्या घरात ओट्यावर पांढरा संगमरवर घालू नये, असं मी भाचीला स्पष्ट सांगितलं.

ग्रॅनाइट मात्र वितळलेला खडक जमिनीखाली अगदी सावकाश थंड होऊन बनतो. त्यात गारगोटी (म्हणजेच क्वार्ट्झ), फेल्डस्पार, अभ्रक. यांतलं कोणीच लिंबाला दाद देत नाही. बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारा दगड शास्त्राच्या भाषेत बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे वितळलेल्या खडकातूनच बनलेला, पण गडद रंगाचा वेगळा दगड. सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी', जो आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीतून येतो, तोही गॅब्रोच. ओट्यासाठी हे दगड उत्तमच. फक्त एक पाहून घ्या. करडा दगड काळा रंग देऊन विकला जातो. पांढऱ्या फडक्याला नेलपॉलिश रिमूव्हर लावून लादीच्या मागच्या आणि पुढच्या बाजूला घासा. फडकं काळं झालं तर ती लादी परत करा.

ओट्याच्या उष्णतेबद्दल लोक उगाच घाबरतात. उकळतं पाणी १०० अंश, कुकरमधली वाफ १२० अंशांच्या आसपास, भाकरीचा तवा २०० ते २५०. नैसर्गिक दगडाला एवढं काहीच नाही. कृत्रिम क्वार्ट्झचं मात्र तसं नाही. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक गारगोटीचा चुरा असतो आणि तो रेझिनने, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकने, बांधलेला असतो. गारगोटीला तव्याची फिकीर नाही, पण रेझिन साधारण १५० अंशांपुढे पिवळं पडू लागतं, कधी तडकतं. गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवायची सवय ज्या घरात आहे, आणि आपल्याकडे ती असतेच, तिथे हा दगड टिकत नाही.

मग फायरप्लेस. तिथे सारा हिशोबच बदलतो, कारण लाकडाचे धगधगते निखारे ८०० अंशांच्या पुढे जातात.

कॅल्शिअम कार्बोनेट एवढ्या आचेत राहिलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू जातो, ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव याच क्रियेवरून पडलं आहे. फायरप्लेसच्या आत कडप्पा किंवा संगमरवर लावला तर आपण घरात एक छोटी चुनाभट्टी काढतो. पृष्ठभागाचा चुना होणार, आणि पावसाळ्यात ओल लागली की तो फुगून गळणार.

संगमरवराची आणखी एक खोड मला फार विलक्षण वाटते. त्याचा स्फटिक तापला की एका दिशेने लांबतो आणि तिच्या काटकोनातल्या दिशेने चक्क आखडतो. लादीत लाखो स्फटिक वेडेवाकडे एकमेकांत गुंतलेले. तापताना प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलतो, निवताना जागेवर येत नाही. हळूहळू कण सुटे होतात, लादी साखरेच्या ढेपेसारखी भुसभुशीत होते. शिकागोच्या एका ८३ मजली इमारतीवर इटलीतल्या कॅरारा संगमरवराचं पातळ आवरण होतं. नुसत्या उन्हा-थंडीने त्याच्या लाद्या बाहेर वाकल्या, आणि १९९० ते १९९२ या काळात सगळं आवरण उतरवून ग्रॅनाइट बसवावा लागला. तिथे तर आगही नव्हती.

मग ग्रॅनाइट? त्यातल्या गारगोटीची एक ठरलेली रेषा आहे, ५७३ अंश. त्या तापमानाला तिच्या अणूंची मांडणी बदलते आणि स्फटिक अचानक फुगतो. शेजारच्या फेल्डस्पारला तेवढं फुगता येत नाही, म्हणून दगडाचे पापुद्रे उडतात. खाणीतले जुने कारागीर हे चांगलं जाणून होते. कातळावर जाळ करायचा आणि त्याचा थर उचकटायचा, ही रीत सुरुंगाच्या कितीतरी आधीची.

आता आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. पाटा-वरवंटा, जातं, कार्ले-भाजे लेणी सगळी त्याचीच. हा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ११०० अंशांहून तप्त लाव्हा होऊन वर आला. जो आगीतूनच निघाला, तो आगीपुढे तगेल असं सहज वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. त्याचे कण बारीक, आणि मोकळी गारगोटी जवळजवळ नाही, म्हणून ५७३ अंशांचा धक्का नाही. पण तापमानाच्या ताणातून तोही सुटलेला नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहा. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला चिरा पडल्या, आणि त्या चिरांनीच सुमारे २०० फूट उंचीचे ते खांब कोरले. शिवाय सगळा काळा दगड सारखा नसतो. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात आणि त्यांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक भरलेले असतात. हे झिओलाइट. स्वीडनच्या क्रॉनस्टेड या खनिजशास्त्रज्ञाने १७५६मध्ये ग्रीकमधून हे नाव दिलं, अर्थ 'उकळणारा दगड', कारण तापवला की त्यातून पाण्याची वाफ निघते. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशेपट जागा मागतं. ओढ्यातले ओले दगड मांडून चूल करणाऱ्या ट्रेकर मुलांना मी म्हणूनच कळवळून सांगते, तसं करू नका, ते दगड फुटून तुकडे अंगावर येतात. फायरप्लेससाठी ठिपके नसलेला, भरीव, कोरडा काळा दगड निवडावा.

शंखजिऱ्याचा दगड, म्हणजे सोपस्टोन, या कामात सगळ्यांत सरस. बेलूर-हळेबीडची देवळं याच दगडाची. कोरायला मऊ, उष्णता सोसणारा आणि धरून ठेवणारा. फिनलंडमध्ये त्याच्या शेगड्या करतात, जाळ विझल्यावरही त्या बराच वेळ खोली उबदार ठेवतात.

तरीही प्रत्यक्ष जाळाभोवतीच्या आतल्या कप्प्यात कोणताच शोभेचा दगड लावायचा नसतो. तिथे फायर ब्रिक, म्हणजे आच सोसणारी वीट, आणि सांध्यात फायर क्लेचा, म्हणजे तशाच मातीचा, गिलावा. साध्या सिमेंटमधला एक घटक ४०० अंशांपुढे पाणी सोडतो आणि सांधा ठिसूळ होतो. माझ्या आजीला हे सूत्र ठाऊक नव्हतं, पण चुलीच्या मातीत ती भाताचं तूस मळायची. तूस जळून गेलं की मातीत बारीक पोकळ्या उरतात. त्यांतली हवा उष्णता अडवते आणि पुढे सरकणारी चीरही पोकळीपाशी थांबते. तापरोधक विटांतही अशाच पोकळ्या मुद्दाम ठेवतात.

शोभेचा दगड येतो तो फायरप्लेसच्या तोंडाच्या बाहेर, चौकटीत. तिथे आच बरीच कमी, म्हणून ग्रॅनाइट चालतो, काळा दगड चालतो, हौस असेल तर संगमरवरही चालतो. भाचीला वाटत होतं, काळा दगड पांढऱ्यापेक्षा जास्त तापेल. उन्हात ते खरं. पण निखाऱ्यांची धग मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची, आणि त्या किरणांना पांढरा संगमरवर आणि काळा ग्रॅनाइट दोन्ही जवळजवळ सारखेच काळे, म्हणजे दोन्ही ते सारखेच शोषतात. रंग मनाजोगता निवडावा.

लाकडाबाबत मात्र मी हट्ट धरला. आजोळच्या घराची सागवानी तुळई तिला वर मँटल, म्हणजे फायरप्लेसवरची फळी, म्हणून बसवायची आहे. कल्पना मला फार आवडली. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत यासाठी स्पष्ट मापं आहेत. तोंडापासून ६ इंचांच्या आत जळणारी कोणतीही वस्तू नको. ६ इंचांपासून एक फुटापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या आठव्या हिश्श्याइतकंच लाकूड पुढे यावं, म्हणजे ८ इंचांवर जेमतेम एक इंच. तिची तुळई ६ इंच पुढे येते, तेव्हा ती एक फुटाच्या वरच हवी. जमिनीवरही तोंडासमोर १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच दगडी फरशी हवी, तोंड मोठं असेल तर याहून जास्त. निखारा उडतो तो तिथेच पडतो. कप्प्याच्या आकाराबद्दल १७९६मध्ये रम्फर्ड या शास्त्रज्ञाने लिहिलेलं आजही लागू आहे: कप्पा उथळ ठेवा, त्याच्या बाजूच्या भिंती तिरक्या करा, धग खोलीत येते. चौकट नक्षीदार करायची की मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींसारखी पायऱ्यापायऱ्यांची, हे तिने ठरवावं.

तिसऱ्या तुकड्याबद्दल माझा आक्षेप वेगळाच होता. आमच्याच इमारतीच्या जिन्यात मी एका मुलाला ग्राइंडरने लादी कोरडी कापताना पाहिलं आहे, तोंडाला नुसता रुमाल, भुवया पांढऱ्याफटक. गारगोटीची ती धूळ इतकी बारीक असते की रुमालातून सहज जाते, फुप्फुसात रुतते आणि तिथे व्रण करते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. ग्रॅनाइटच्या धुळीतही गारगोटी असतेच, कृत्रिम दगडाच्या धुळीत कितीतरी अधिक. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी १ जुलै २०२४पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली. दगड कोणताही घ्या, पण कापताना पाण्याची धार चालू ठेवायला लावा, मास्क चांगला आणून द्या, आणि हे ठरवताना कंत्राटदाराशी घासाघीस करू नका. तो मुलगा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ओट्यात हॉबसाठी, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी, भोक पाडतात तेव्हा त्याचे कोपरे गोल ठेवायला सांगा. दगडातला ताण टोकदार कोपऱ्यात एकवटतो आणि चीर तिथूनच निघते. दोन मीटरची ग्रॅनाइटची लादी ५० अंशांनी तापली तर पाऊण मिलिमीटरच्या वर लांबते, म्हणून भिंतीलगत तेवढी फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी. गॅसमागे रंगीत काच हवी असेल तर टफन्डच, म्हणजे तापवून झटकन निववून मजबूत केलेलीच, घ्या. साधी काच तिच्या दोन भागांत ४० अंशांचा फरक पडला तरी तडकू शकते, टफन्ड साधारण २०० अंशांपर्यंत सोसते. टफन्ड झाल्यावर ती कापता येत नाही, तेव्हा स्विचची भोकं आधीच सांगायची.

भाचीने शेवटी लाद्या दोन घेतल्या. मुलुंडला काळा ग्रॅनाइट, लोणावळ्याला आत फायर ब्रिक आणि बाहेर तिथलाच घडीव काळा दगड. गवंड्याला काम संपताच मोठा जाळ करून दाखवायचा होता. मी फोनवरूनच थांबवलं. नव्या बांधकामात पाणी असतं, ते सावकाश जाऊ द्यावं लागतं. आधी काही आठवडे नुसतं सुकू द्यायचं, मग पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त, असं आठवडाभर. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि भिंती तो पितात, तेव्हा दर पावसाळ्यानंतर हे पुन्हा करायचं. दिवाळीत ती तिथे जाणार आहे. काटक्या वाळत घातल्याचा फोटो तिने कालच पाठवला.