अजनी (नागपूर)

अजनी ही नागपूरच्या दक्षिण भागातील, रेल्वेमुळे आकाराला आलेली वसाहत. एका अंगाला वर्धा रोड, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 7, दुसऱ्या अंगाला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय) चौकाचा परिसर आणि मधून लोहमार्ग. कारभार महापालिकेचा असला तरी अजनीचा स्वभाव रेल्वेच्या गावाचाच आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये वर्ध्याकडून नागपूरला पोचली. 1929 मध्ये काझीपेठ–बल्लारशाह मार्ग पूर्ण झाल्यावर दिल्ली–मद्रास गाड्याही नागपूर–वर्धा टप्प्यावरून धावू लागल्या. मुंबई–हावडा वाहतूक त्यावर आधीपासून होतीच. एवढा भार नागपूर जंक्शनला एकट्याने पेलणे अवघड. यार्ड, मालधक्का, इंजिनांची देखभाल यांसाठी लागणारी जागा अजनीत मिळाली.

अजनीची खरी ओळख इलेक्ट्रिक लोको शेडची, म्हणजे विजेच्या इंजिनांची देखभाल होते त्या जागेची. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचे नाव रंगवलेले असते. त्यामुळे पिवळ्या पट्ट्याचे हिरवे डब्ल्यूएजी-9 हे मालगाडीचे विजेचे इंजिन पार दक्षिणेत दिसले आणि त्यावर ‘अजनी’ वाचले, की नागपूरकराचा ऊर भरून येतो, आणि तो यावाच. 12,000 अश्वशक्तीच्या मालगाडी इंजिनांसाठी इथे स्वतंत्र डेपोही उभारला आहे. डिसेंबर 2022 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. विदर्भाचा कोळसा वीजकेंद्रांपर्यंत पोचतो त्यामागे अशा शेडमधल्या फिटर-टेक्निशियनांची मेहनत असते. प्रवाशांना ती कधी दिसत नाही.

रेल्वे क्वार्टरमधले घर ड्यूटीच्या तालावर चालते. मालगाडीच्या लोको पायलटला ठरलेली वेळ नसते. बोलावणे रात्री दोनलाही येते. म्हणून भरदुपारी कुणाच्या दाराचा पडदा ओढलेला दिसला, तर शेजारची पोरे आवाज न करता खेळतात.

क्वार्टरांभोवती रेल्वेने मोकळी जागा सोडली होती. तिथे कडुनिंब, वड, पिंपळ दाटले आणि लोक त्या पट्ट्याला अजनी वन म्हणू लागले. इंटरमोडल स्टेशनसाठी (रेल्वे, बस अशी वेगवेगळी वाहने एकाच ठिकाणी मिळणारे स्थानक) इथली हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 2021 च्या सुमारास नागरिक रस्त्यावर उतरले. वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. स्टेशन मोठे व्हायलाच हवे, पण नागपूरच्या मे महिन्यात या सावलीची किंमत कोणत्याही आराखड्यात मांडता येत नाही.

दीक्षाभूमी इथून जवळ असल्याने अशोक विजयादशमीला येणारे अनेक अनुयायी अजनीलाच उतरतात.

वर्धा रोडवर 2020 मध्ये 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल खुला झाला: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. स्टेशनच्या पुनर्विकासाचे भूमिपूजनही डिसेंबर 2022 मध्येच झाले. ऑगस्ट 2025 पासून पुण्याची वंदे भारत अजनीहून सुटते. वर्धा रोड आणि मेडिकलची बाजू जोडणारा जुना रेल्वे पूल मात्र अरुंद आहे. सकाळ-संध्याकाळ त्यावर वाहने तुंबतात आणि मेडिकलकडे निघालेली रुग्णवाहिकाही त्याच रांगेत अडकते.