रिलायंट रॉबिन वळणावर उलटतेच का?

तीन चाकांची ब्रिटिश रिलायंट रॉबिन प्रत्येक वळणावर कलंडते, ही समजूत 'टॉप गिअर' या बीबीसीच्या गाड्यांवरच्या कार्यक्रमाच्या २०१० मधल्या भागाने जगभर पसरवली. सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन स्टिअरिंग फिरवतात आणि गाडी आडवी! हसून पुरेवाट होते, पण तो बनाव होता. गाडी हमखास उलटावी म्हणून डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचात) फेरफार करून घेतल्याचं क्लार्कसन यांनीच २०१६ मध्ये लिहून टाकलं.

मग धोका शून्य? तसंही नाही. पुढे एकच चाक असल्याने वेगात वळताना ब्रेक दाबला की भार पुढच्या कोपऱ्याकडे जातो, आणि तिथे आधारच नसतो. रिक्षावाल्याला हे वेगळं सांगायला नको. वळणाआधी वेग कमी केला तर मात्र इंग्लंडमधल्या टॅमवर्थ गावात बनलेली ही फायबरग्लासची गाडी बिनतक्रार वळते.

फेरफार करणाऱ्या मालकाची खरी डोकेदुखी वजन. मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवण्याची ब्रिटनमधली सवलत हलक्या तीनचाकींनाच होती. पुढे ती मर्यादा ४५० किलो झाली. जड इंजिन बसवण्याआधी वजनकाटा गाठलेला बरा.

आणि हो, 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या ब्रिटिश विनोदी मालिकेतली ती पिवळी व्हॅन रॉबिन नव्हेच. ती तिच्या आधीची रिलायंट रीगल.