कार्बन कुणी घटवला: कारखान्याने की कारभाराने?

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीने, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याने, ‘आमचं कार्बन उत्सर्जन घटलं’ असं सांगितलं की शाबासकी मालकाला मिळते. वाढलं तर बोलही त्यालाच. पण त्या एका आकड्यात कंपनीची मेहनत आणि सरकारचा कारभार दोन्ही मिसळलेले असतात, आणि ते वेगळे काढल्याशिवाय श्रेय कुणाचं हे ठरत नाही.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते. देशाच्या ग्रीडमधलं, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातलं, एक युनिट तयार होताना सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार केला की टनामागे 420 किलो.

यातले 600 कारखान्याच्या हातात. भट्टीवर झाकण ठेवायचं, भंगार कोरडं आणि स्वच्छ घालायचं, साचे तयार नसताना रस उगाच तापत ठेवायचा नाही. सगळ्यात मोठी गोष्ट रिजेक्शनची. बाद झालेलं कास्टिंग (ओतलेला भाग) पुन्हा भट्टीत गेलं की तेवढीच वीज दुसऱ्यांदा जळते. यातल्या कशालाही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. कंपनीला खरोखर कळकळ आहे की नाही, हे मी तरी इथेच बघेन. गेटजवळच्या वृक्षारोपणात नाही.

0.7 चं गणित वेगळं. ग्रीडमध्ये कोळशाची वीज किती, कोयनेसारख्या धरणांची किती, वाऱ्याची किती, हे धोरणाने ठरतं. साताऱ्यात वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या वाऱ्याइतक्याच करसवलतींच्या जोरावर. 2012 मध्ये केंद्राने वेगवान घसाऱ्याची सवलत (यंत्राची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच खर्चात दाखवून कर वाचवायची मुभा) काढली, जोडीची प्रोत्साहन योजनाही थांबली. 2011-12 मध्ये देशात सुमारे 3,200 मेगावॅट पवनऊर्जा नव्याने बसली होती. पुढच्या वर्षी जेमतेम 1,700. घसाऱ्याची सवलत 2014 मध्ये परत आली. मधल्या काळात वारा काही पडला नव्हता. म्हणून चांगला कारभार म्हणजे नुसता कडक कारभार नव्हे. आज पैसा गुंतवणाऱ्याला उद्याच्या नियमाचा भरवसा वाटला पाहिजे.

छतावरच्या सोलरमध्ये दोघेही लागतात: पैसा कंपनीचा, नेट मीटरिंगचे (उरलेली वीज ग्रीडला देऊन ती बिलातून वजा करण्याचे) नियम सरकारचे.

हिशेब मागण्याचं कामही सरकारचंच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर अहवाल, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबद्दलच्या जबाबदारीचा हिशेब, सक्तीचा केला. शेअर बाजारात नसलेल्या छोट्या फाउंड्रीला ही सक्ती नाही. तिथे मालकाने स्वतःहून मीटरची नोंद ठेवली तरच काही कळणार.

एकूण उत्सर्जनाचा आकडा वाचताना उत्पादनाचा आकडाही शेजारी ठेवावा. ऑर्डरी आटल्या, भट्टी आठवड्यातून चारच दिवस चालली, तरी उत्सर्जन खाली येतं. ते ना कंपनीचं यश, ना सरकारचं.