मुद्रणयंत्रांची रंगभरण चित्रे

मुद्रणयंत्रांची रंगभरण चित्रे : छापखान्यातील यंत्रे, प्रिंटर आणि त्यांवर काम करणारे मुद्रक यांची फक्त बाह्यरेषांत काढलेली, रंग भरण्यासाठी मोकळी ठेवलेली चित्रे. प्राणी किंवा फुलांच्या चित्रात रंग मनाजोगता चालतो. यंत्राच्या चित्रात मात्र कागद कुठून येतो, शाई कुठे लागते आणि दाब कुठे पडतो हे रंगांवरून कळले, तरच चित्राचा खरा उपयोग होतो.

सर्वांत जास्त वाव लाकडी हातछाप यंत्राच्या चित्रात असतो. योहान गूटेनबेर्क यांनी 15 व्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील माइन्त्स येथे खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरठशांनी) छपाई सुरू केली, तेव्हापासून 1800 च्या सुमारास लोखंडी यंत्रे येईपर्यंत या यंत्राचा सांगाडा फारसा बदलला नाही. चित्रकार योस्ट आमान यांच्या 1568 मधील काष्ठठशात (लाकडात कोरून छापलेल्या चित्रात) एक मुद्रक छापलेला कागद उचलताना, दुसरा खिळ्यांना शाई लावताना आणि मागे जुळारी (खिळे जुळवणारे कामगार) खिळ्यांच्या खणपेट्यांपुढे बसलेले दिसतात. मांडणीसाठी तो चांगला आधार आहे. लाकडाला पिवळट तपकिरी रंग द्यावा आणि पेन्सिलीचे फटकारे तुळईच्या लांबीला समांतर ठेवावेत, म्हणजे लाकडाच्या रेषा आपोआप उमटतात. शाई लावण्याचे गोळे चामड्याचे आणि त्यांची मूठ लाकडी, म्हणून मूठ तपकिरी आणि शाईचे तोंड काळे. खिळे शिसे, कथिल व अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे. त्यांचे अंग करडे, शाई लागलेला माथा काळा. जॉर्ज क्लायमर यांच्या 1813 मधील ‘कोलंबियन’ यंत्रावर गरुडाची मूर्ती असते. ती शोभेइतकीच कामाचीही आहे, कारण ती प्रतिभार (तोल सावरणारे वजन) असून दांडा ओढताच वर उचलली जाते. काळ्या सांगाड्यावर सोनेरी गरुड उठून दिसतो.

रेखाटणाऱ्याची नेहमीची चूक अक्षरांच्या दिशेत होते. खिळ्यांवरची अक्षरे आरशातल्यासारखी उलटी असतात आणि कागदावर सुलटी उमटतात. ऑफसेटमध्ये (प्लेटवरची शाई आधी रबरी पत्र्यावर म्हणजे ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर उतरते अशा छपाईत) प्लेटवरची अक्षरे सुलटी, रबरी ब्लँकेटवर उलटी आणि कागदावर पुन्हा सुलटी असतात. दुसरी चूक बाणांची : एकमेकांना टेकलेले दोन रूळ नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात, म्हणून ऑफसेटमध्ये प्लेट-सिलिंडर (प्लेटचा रूळ) आणि दाब-सिलिंडर (कागद दाबणारा रूळ) यांचे बाण एकाच दिशेचे आणि मधल्या ब्लँकेटचा बाण उलट हवा.

चार रंगांचे ऑफसेट यंत्र बाजूने दाखवावे. शाईचा क्रम बहुधा काळा, निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा असा असतो. प्रत्येक युनिटमधील (एक रंग छापणाऱ्या भागातील) शाईचे सगळे रूळ त्या त्या शाईच्या रंगाने भरावेत, प्लेट ओली ठेवणारे पाण्याचे रूळ अगदी फिके ठेवावेत. दोन युनिटांच्या मधला कागद मोठा करून दाखवला, तर पहिल्यानंतर नुसते काळे चित्र, मग त्यात सायन, मग मॅजेंटा असा बदल रंगवता येतो. हा भाग मुलांना जरूर करू द्यावा; चार शाईंतून रंगीत छायाचित्र कसे तयार होते, ते याहून सोप्या रीतीने क्वचितच समजते. मात्र हाताने रंगवताना हा क्रम उलटा करावा : आधी पिवळा, मग गुलाबी, मग आकाशी आणि शेवटी काळा. काळ्या पेन्सिलीची पूड वरून लावलेल्या पिवळ्यात मिसळून तो मळकट होतो.

घरगुती प्रिंटरचे अंग पांढरे, करडे किंवा काळे असते, त्यामुळे चित्र कोरे वाटते. पांढरे अंग कागदाचेच ठेवून फक्त कडांलगत व तळाशी फिकी निळसर सावली द्यावी. काळ्या अंगाला गडद करडा वापरावा, नाहीतर बटणांच्या व फटींच्या रेषा बुडून जातात. शाईच्या कार्ट्रिज लाल, हिरव्या, निळ्या रंगवणे चूक आहे. त्या बहुधा सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी अशा असतात. धातूच्या रुळावर अक्षाला समांतर एक अरुंद पट्टा कोरा सोडावा, त्याच्या शेजारी सर्वांत गडद छटा द्यावी आणि कडेकडे ती पुन्हा किंचित फिकी करावी. सगळीकडे सारखा करडा भरला की रूळ सपाट पट्टीसारखा दिसतो.

लहान मुलांसाठी रेषा 1 ते 1.5 मिमी जाड आणि भाग मोठे असावेत. गिअर व स्क्रू वगळावेत. मोठ्यांसाठी 0.35 ते 0.5 मिमी पुरते. पेन्सिल व खडूसाठी 100 ते 120 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) किंचित खरखरीत कागद योग्य. 80 जीएसएमवर स्केचपेन मागे उमटते, आणि जलरंगाला किमान 200 जीएसएम लागतो. इंकजेटवर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या (डाय) शाईने छापलेल्या रेषा पाणी लागताच पसरतात, म्हणून जलरंगासाठी बाह्यरेषा लेझर प्रिंटरवर काढाव्यात. ए4 कागदावर चारही बाजूंना निदान 6 मिमी समास सोडावा. बरेच प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाहीत आणि यंत्राचे पाय कापले जातात.

संगणकावर रंग भरायचा असेल तर प्रत्येक आकृती बंद हवी. रेषेत बारीक फट राहिली, तर रुळासाठी निवडलेला रंग पार्श्वभूमीत सांडतो. जेपेग फाइलमध्ये रेषेभोवती करडे ठिपके राहून पांढरी किनार उरते. त्यासाठी 300 डीपीआयची (दर इंचाला 300 ठिपक्यांची) पीएनजी किंवा व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषांनी साठवलेली) फाइल वापरावी.