प्रसविका : नागपूर जिल्ह्यातील सार्वजनिक आरोग्यसेवा

गरोदरपण, प्रसूती आणि त्यानंतरचे सहा आठवडे या काळात माता व नवजात बालक यांची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित, नोंदणीकृत परिचारिकेस प्रसविका म्हणतात. अनुभवातून शिकलेली सुईण किंवा दाई हिच्याहून वेगळी. ग्रामीण भागात हे काम मुख्यतः सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम, करते. गावकरी तिला ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात.

सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, म्हणजे एएनएम जिथे काम करते ते गावपातळीवरचे सर्वांत लहान सरकारी आरोग्य केंद्र, असावे, असा निकष आहे. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने एएनएमच्या पदाचे रूपांतर बहुउद्देशीय आरोग्य सेविकेत करण्याची शिफारस केली. तेव्हापासून लसीकरण, कुटुंबनियोजन, साथरोगांची पाहणी आणि नोंदवह्या यांचा भार वाढत गेला. पदनामात ‘प्रसविका’ हा शब्द राहिला, पण दिवसाचा मोठा भाग इतर कामांत जाऊ लागला. प्रसूती रुग्णालयात व्हावी यावर २००५ च्या जननी सुरक्षा योजनेपासून भर आल्यावर उपकेंद्रातील बाळंतपणांचे महत्त्वही कमी झाले. म्हणूनच तिने स्वतः किती बाळंतपणे केली, एवढ्यावर तिचे काम मोजणे फसवे ठरते.

तिचे कौशल्य खरे तर जोखीम वेळेत ओळखण्यात दिसते. आशा स्वयंसेविकेच्या मदतीने ती पहिल्या बारा आठवड्यांत गरोदर मातेची नोंद करते, किमान चार तपासण्या घडवून आणते आणि रक्तदाब, वजन, लघवीतील प्रथिने व हिमोग्लोबिन तपासते. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमखाली गेले, रक्तदाब १४०/९० च्या वर राहिला, आधीचे सिझेरियन असले किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर मातेला वरच्या केंद्रात पाठवावे लागते. रामटेक तालुक्यातील देवलापारसारख्या जंगलाने वेढलेल्या भागातून नागपूर शहर गाठायचे, तर हा निर्णय कळा सुरू होण्यापूर्वीच झालेला बरा. गुंतागुंतीच्या मातांसाठी शहरात डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे, तसेच लोक ज्यांना ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतात ती दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

विदर्भात या तपासणीला आणखी एक पदर आहे, तो सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा. रक्ताच्या साध्या विद्राव्यता चाचणीत संशय आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतील तपासणीने खात्री केली जाते, आणि माता वाहक, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचा जनुक बाळगणारी, निघाली तर पतीचीही तपासणी करावी लागते, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे अवघड बोलणे, नवऱ्याला तपासणीस राजी करण्यासह, बहुधा सेविकेलाच करावे लागते.

रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात हीच जबाबदारी अधिपरिचारिकांकडे, म्हणजे स्टाफ नर्सकडे, असते. कळांची प्रगती पार्टोग्राफ या आलेखावर नोंदवणे, बाळ जन्मताच मातेला रक्तस्राव रोखण्यासाठी १० युनिट ऑक्सिटोसिन हे औषध देणे, वार पूर्ण पडल्याची खात्री करणे आणि पहिल्या तासात स्तनपान सुरू करून देणे ही त्यांची कामे होत. स्वतंत्रपणे प्रसूती हाताळू शकणाऱ्या परिचारिका घडवण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली.

प्रसूतीनंतर बाळंतीण घरी परतली की गृहभेटी सुरू होतात. बाळाची मालीश, न्हाऊ आणि शेक ही कामे अनेक घरांत आजही अनुभवी बायांकडेच असतात. सेविका त्यांना हटकत नाही, मात्र नाळेला तेल, हळद किंवा राख काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी, हे बाळंतिणीइतकेच त्या बाईलाही बजावते.